वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर खालून कसा चालवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरच्या खोलीत एक डेस्कटॉप आहे, त्यात हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि कित्येक वर्षांचे फोटो. खाली लॅपटॉप. दोन्ही एकाच राऊटरवर, दोन्हींवर विंडोज ११. लॅपटॉपवर प्रो आवृत्ती, डेस्कटॉपवर होम. खाली बसून वरचा चालवायचा आहे आणि जमलं तर बाहेरगावाहूनही. एका मित्राने सांगितलंय, राऊटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघड, काम झालं. दुसरा म्हणतो, कुठलंही एक ॲप टाक, काम झालं. पण रिमोट डेस्कटॉप सुरू करायचं बटण मात्र वरच्या मशीनवर चालतच नाही.

पहिल्या मित्राचं अजिबात ऐकू नका. दुसऱ्याचं अर्धं ऐका. बटणाची भानगड पुढे येतेच.

इतकी वर्षं लोकांची मशीनं लांबून सांभाळताना एक गल्लत मी सतत पाहत आलोय. यात दोन वेगळी कामं आहेत: त्या मशीनपर्यंत पोहोचणं, आणि पोहोचल्यावर ते चालवणं. घरात असताना पोहोचणं फुकटात मिळतं, कारण दोघं एकाच नेटवर्कवर असतात. त्यामुळे घरात फक्त चालवायचं कसं एवढंच ठरवायचं. बाहेरून यायचं असेल तर चालवायची पद्धत तीच ठेवायची आणि पोहोचण्याची सोय वेगळी करायची. पोर्ट उघडण्याचा सल्ला या दोन्ही कामांचा एकच काला करतो, म्हणून तो महागात पडतो.

त्याआधी एक उपप्रश्न. तुम्हाला वरची स्क्रीन खरोखर हवी आहे का? फोटोंसाठी नको आहे. फोटोंचं फोल्डर शेअर करा, खालच्या लॅपटॉपवर ते ड्राइव्हसारखं दिसेल, फोटो स्वतःच्या मशीनवर उघडतील. आख्खी स्क्रीन ओढून आणून त्यात फोटो बघणं म्हणजे खिडकीतून शेजाऱ्यांचा टीव्ही बघण्यासारखं आहे. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं मात्र नेमकं उलटं. त्याची डेटा फाइल शेअर केलेल्या फोल्डरमधून वायफायवर उघडायचा मोह टाळा. एकट्याने वापरायच्या बेताने लिहिलेली सॉफ्टवेअर त्या फाइलमध्ये सतत थोडं थोडं लिहीत असतात. लिहिता लिहिता वायफाय एक क्षण गेलं तरी फाइल अर्धवट राहते, आणि ते कळतं महिन्यानंतर, ताळेबंद जुळेना झाल्यावर. अशा सॉफ्टवेअरसाठी स्क्रीनच खाली आणायची. सॉफ्टवेअर आणि फाइल दोन्ही वर, एकाच डिस्कवर राहतात. खाली येतं ते फक्त चित्र, आणि वर जातात ते फक्त तुमचे कीबोर्ड-माउस. मध्येच लाइन तुटली तरी वर काम जिथल्या तिथे उघडं असतं.

आता चालवण्याच्या पद्धती. बाजारात नावं पन्नास आहेत, पण मुळात घराणी दोन.

पहिलं घराणं आरडीपीचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपचं. १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत ते आलं, आणि २००१ च्या एक्सपी प्रोफेशनलपासून साध्या डेस्कटॉपवर पोहोचलं. यात तुम्ही त्या मशीनवर लॉगिन करता. तुम्ही खालून आत शिरलात की वरच्या मॉनिटरवर लॉक स्क्रीन येते. वर कुणी बसलं असेल तर त्याला काहीही दिसत नाही, आणि त्याने पुन्हा लॉगिन केलं की तुम्ही बाहेर. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसतो, मग तो खुर्चीत असो की जिन्याखाली.

दुसरं घराणं व्हीएनसीचं. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ते जन्मलं. (ते तयार करणाऱ्यांपैकी एक, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, कॉफीच्या किटलीवर रोखलेल्या एका प्रसिद्ध कॅमेऱ्याच्या मागेही होते. कॉफी शिल्लक आहे का, हे जागेवरून न उठता कळावं, म्हणून. जिना चढायचा कंटाळा ही फार जुनी आणि प्रतिष्ठित प्रेरणा आहे.) व्हीएनसीमध्ये वरच्या स्क्रीनवर जे आहे तेच तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही हलवलेला माउस वर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर हलतो. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, विंडोजमधलं क्विक असिस्ट, ही सगळी आतून व्हीएनसी वापरत नाहीत, पण विंडोजवर त्यांचं वागणं याच वळणाचं आहे: दोघं एकच स्क्रीन बघतात.

निवड इथेच होते. समोरच्याला काही शिकवायचं, दाखवायचं, त्याची अडचण त्याच्यासमोर सोडवायची असेल तर दुसरं घराणं. एकट्याने तासन्‌तास काम करायचं असेल तर पहिलं. आरडीपी तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनच्या मापाने डेस्कटॉप मांडतं, अक्षरं कोरीव दिसतात, आवाज इकडे येतो, इकडचा प्रिंटरही तिकडून वापरता येतो. वरच्या मशीनला मॉनिटर जोडलेला नसला तरी त्याचं काही अडत नाही. दुसऱ्या घराण्यात मॉनिटर काढला की बऱ्याचदा स्क्रीन एवढीशी होते किंवा नुसती काळी दिसते. मग मॉनिटर असल्याचं सोंग करणारा छोटा एचडीएमआय डमी प्लग लावावा लागतो.

आता ते बटण. विंडोजच्या होम आवृत्तीवरून आरडीपीने दुसऱ्याकडे जाता येतं, पण होमकडे कुणाला येता येत नाही. प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांकडे येता येतं. तुमच्याकडे गाडं नेमकं उलटं पडलंय: ज्याच्यावर जायचं तो होम आणि जिथून जायचं तो प्रो. होमवर हे दार चोरवाटेने उघडणारी जुगाडं मिळतात. मी ती लावून पाहिली आहेत आणि काढूनही टाकली आहेत. विंडोजचं एखादं अपडेट आलं की बंद पडतात, आणि सिस्टिमच्या अंतर्भागात कुणा अनोळखी माणसाच्या फाइलला हात घालू देणं मला पटत नाही. रोज दोन-तीन तास वरच्या मशीनवर काम असेल तर डेस्कटॉपवर प्रो घ्या. आठवड्यातून दोनदा डोकवायचं असेल तर होम राहू द्या आणि रस्टडेस्क किंवा एखादं व्हीएनसी लावा.

प्रो घेतलं असं धरून पुढचं सांगतो, कारण अडकण्याच्या जागा तिथेच जास्त आहेत.

वरच्या मशीनवर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथे जाऊन बटण चालू करा. फायरवॉलमधली (नेटवर्कच्या पहारेकऱ्यातली) वाट विंडोज स्वतःच मोकळी करतं. त्याच पानावर मशीनचं नाव दिसेल, ते लिहून घ्या. खालच्या लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबा, एम-एस-टी-एस-सी ही पाच अक्षरं टाका, एंटर. छोटी खिडकी उघडते, त्यात ते नाव टाका, कनेक्ट म्हणा. सगळं नीट असेल तर ओळख विचारेल, मग प्रमाणपत्राबद्दल एक पिवळी सूचना देईल (घरातल्या मशीनने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र असतं, त्यामुळे ही सूचना येणारच), आणि आत घेईल.

ओळख विचारते तिथे दहापैकी सात जण अडतात, आणि मीही अडलोय. मामांच्या घरी अशीच एक आख्खी संध्याकाळ गेली. पत्ता बरोबर, नाव बरोबर, पण पासवर्ड टाकला की एकच उत्तर: ही ओळख चालली नाही. मी केबल बदलली, राऊटर बंद-चालू केला, फायरवॉलवर संशय घेतला. तासाभराने सुचलं म्हणून विचारलं, "मामा, पासवर्ड नक्की काय टाकताय?"

"अरे तोच, रोजचा. चार आकडे."

तो पिन होता. पिन हा त्या एका मशीनपुरता, त्याच्यासमोर बसूनच चालतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मामांचं खातं मायक्रोसॉफ्टचं होतं, त्यामुळे नाव म्हणून पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या ईमेल खात्याचा पासवर्ड. तो शोधून टाकला, तरी नाही! कारण त्या मशीनवर त्या पासवर्डने कधी कुणी लॉगिनच केलेलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून पिन. मशीनला पासवर्ड ताडून बघायला स्वतःजवळ काही नव्हतंच. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे 'मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी फक्त विंडोज हॅलो' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो बंद केला, साइन आउट केलं, मशीनसमोर बसून एकदा पासवर्डने आत गेलो, आणि मग खालून पहिल्या झटक्यात जोडलं गेलं. पासवर्डच नसलेलं स्थानिक खातं असेल तर तेही चालत नाही. रिकाम्या पासवर्डने नेटवर्कवरून येणाऱ्याला विंडोज दारातच अडवतं, आणि ते योग्यच आहे.

ओळख विचारण्यापर्यंतच गाडी जात नसेल तर दोष पोहोचण्यात आहे. नावाऐवजी आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकून पाहा. वरच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग दिलंत की दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता राऊटर भाड्याने देतो, उद्या बदलू शकतो, म्हणून राऊटरच्या पानावर जाऊन त्या मशीनसाठी एक पत्ता राखून ठेवा. त्या सोयीला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. मशीनच्या आत हाताने पत्ता ठोकून बसवण्यापेक्षा हे बरं, कारण दोन मशीनांना एकच पत्ता जाण्याची भानगड होत नाही.

पिंगला (मशीन आहे का म्हणून मारलेल्या हाकेला) उत्तर येत नाही म्हणून हात टेकू नका. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला मुद्दामच गप्प राहतो. त्यापेक्षा पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने थेट ३३८९ पोर्ट ठोठावून बघा. आणि नकार कसा येतो इकडे लक्ष द्या. झटकन 'नाही' आलं तर मशीन सापडलंय, पण त्या दारामागे कुणी बसलेलं नाही, म्हणजे रिमोट डेस्कटॉप चालू नाही. बराच वेळ काहीच न होता मग कंटाळून 'नाही' आलं तर पत्ता चुकलाय, मशीन झोपलंय किंवा फायरवॉल तुमचं पाकीट (नेटवर्कवरून पाठवलेला निरोप) गिळतोय. या एका फरकाने माझे कित्येक तास वाचवले आहेत.

सगळं बरोबर असून दोन मशीनांना एकमेकांचा पत्ताच नाही असं होत असेल, तर लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर आहे का पाहा. गेस्ट नेटवर्कचं कामच हे असतं की त्यावरच्या यंत्रांना घरातलं बाकी काही दिसू नये. काही राऊटरवर साध्या वायफायलाही असं विलगीकरण चालू असतं. आणि एका राऊटरच्या मागे दुसरा राऊटर जोडून वायफाय वाढवलं असेल तर वर एक घर आणि खाली दुसरं घर झालेलं असतं. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय पुरवेल.

एकदा आत गेलात की बारीकसारीक. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलंत तर ते तुमच्याच लॅपटॉपला लागू होतं. वरच्याला द्यायचं तर कंट्रोल-ऑल्ट-एंड. इकडे कॉपी, तिकडे पेस्ट चालतं, फाइलीसुद्धा. ते मध्येच बंद पडलं (पडतं), तर वरच्या मशीनच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप नावाचा प्रोग्रॅम शोधून बंद करा आणि पुन्हा सुरू करा. काम संपलं की खिडकी नुसती बंद केली तरी वरचे प्रोग्रॅम चालूच राहतात. साइन आउट केलं तर ते बंद होतात. मोठं काम रात्रभर चालत ठेवायचं असेल तर हा फरक लक्षात असू द्या.

देवनागरी लिहिणाऱ्यांना एक डोकेदुखी होते. आरडीपी साधारणपणे कुठली कळ दाबली एवढंच वर कळवतं, अक्षर वरचं मशीन ठरवतं. व्हीएनसी मात्र तयार झालेलं अक्षर पाठवतं, आणि जोडाक्षरांची वाट तिथे लागते. म्हणून व्हीएनसीमध्ये खालचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि मराठी कीबोर्ड वरच्या मशीनमध्ये निवडायचा. दोन्हीकडे मराठी ठेवलंत तर जे उमटेल ते वाचायला तज्ज्ञ बोलवावा लागेल.

वेगाबद्दल. लोक इंटरनेटचा वेग विचारतात, पण घरातल्या घरात त्याचा संबंधच नाही, डेटा राऊटरपर्यंत जाऊन परत येतो. आणि रिमोट कामात किती डेटा जातो यापेक्षा तो किती लवकर जाऊन येतो याला महत्त्व आहे. कळ दाबणं आणि अक्षर दिसणं यात फट पडली की हात अडखळतो. वरच्या मशीनला केबलने राऊटरला जोडा. दोन्ही टोकं वायफायवर असली तर एकच हवा दोनदा वापरली जाते. गेम खेळायचे असतील तर ही दोन्ही घराणी विसरा, त्यासाठी सनशाइन आणि मूनलाइट ही जोडी किंवा स्टीमचं रिमोट प्ले आहे.

मॅक असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग इथे स्क्रीन शेअरिंग चालू करा. ते व्हीएनसीच्या वंशातलंच आहे. लिनक्सवर नोम या डेस्कटॉपच्या ४२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, आरडीपीची सोय आतच आहे. जुने लेख वाचून एक्स-११-व्हीएनसी लावायला जाल आणि काळी स्क्रीन बघत बसाल, कारण नव्या लिनक्समध्ये स्क्रीन रंगवायचं काम बहुधा वेलँड करतं आणि ते साधन त्याच्या आधीच्या एक्ससाठी आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आता त्यासाठी वे-व्हीएनसी असतं.

साधं जुनं व्हीएनसी लावणार असाल तर एक जाणून असा. त्याच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात आणि स्क्रीनवरचं चित्र, दाबलेल्या कळा, सगळं उघड्यावर जातं. म्हणून ते घराबाहेर कधीही नागडं सोडू नये. एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनशी कुलूपबंद जोडणी करून देणाऱ्या साधनाच्या, बोगद्यातून न्यावं. एसएसएच १९९५ मध्ये टाटू युलोनेन यांनी फिनलंडमध्ये लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून. बोगद्याची कल्पना सोपी आहे: एसएसएचला सांगायचं, माझ्या लॅपटॉपच्या ५९०१ पोर्टवर जे येईल ते कुलूपबंद करून वरच्या मशीनच्या ५९०० वर नेऊन सोड. मग व्हीएनसीला पत्ता म्हणून स्वतःचाच लॅपटॉप आणि ५९०१ द्यायचा. त्यात चुकून ५९०० दिलंत आणि लॅपटॉपवरही व्हीएनसी चालू असलं, तर स्क्रीनमध्ये स्क्रीन, तिच्यात स्क्रीन, असा समोरासमोर आरसे ठेवल्यासारखा बोगदा दिसतो. घाबरू नका, तुम्ही स्वतःच्याच घरी पाहुणे गेला आहात.

आता बाहेरगाव, आणि पहिल्या मित्राचा सल्ला.

३३८९ हा आरडीपीचा ठरलेला पोर्ट. तो राऊटरमध्ये उघडला की तुमचं लॉगिनचं दार जगाला दिसतं. फार पूर्वी मीही हे केलंय, "एका रात्रीपुरतं" म्हणून. सकाळी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला तर सिक्युरिटीच्या नोंदीत ४६२५ हा क्रमांक पानामागून पानं. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, यूझर, अशी नावं लावून कुणीतरी मिनिटामिनिटाला दार ठोठावत होतं. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. ते सगळ्या इंटरनेटवर हेच करत फिरतात, तुमच्यावर कुणाचा राग असावा लागत नाही. पोर्टचा नंबर बदलून ठेवणं म्हणजे दारावरचा घर नंबर पुसणं. फिरणारे प्रत्येक दार ढकलूनच बघतात.

पासवर्ड मजबूत आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप हा दोष उघड झाला. विंडोज ७ आणि त्याआधीच्या मशीनांवर आरडीपीचं दार नुसतं उघडं असलं तरी पासवर्डशिवाय आत शिरता येईल असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी एक्सपीलासुद्धा दुरुस्ती दिली, जिची साथ त्यांनी २०१४ मध्येच सोडली होती. यावरून काय ते समजा. घरात शिरून सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांची ही आवडती वाट आहे, आणि तुमच्या त्या मशीनवर हिशोब आहेत.

शिवाय तुमच्याकडे ते चालेलच असंही नाही. राऊटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल तर इंटरनेट देणाऱ्याने अनेक घरं मिळून एकच खरा पत्ता वाटून दिलाय. मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या राऊटरपर्यंतच येत नाही.

म्हणून पोहोचण्याची सोय वेगळी करायची: व्हीपीएन. बाहेरगावी बसलेल्या लॅपटॉपला आधी घरच्या नेटवर्कचा सदस्य करायचं, मग घरात करता तेच करायचं. वायरगार्ड मला सगळ्यात आवडतं. छोटं आहे, वेगवान आहे, २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, ५.६ आवृत्तीत गेलंय. पासवर्ड नसतो, प्रत्येक यंत्राची किल्ल्यांची जोडी असते. त्याचा एक पोर्ट उघडावा लागतो खरा, पण योग्य किल्लीशिवाय आलेल्याला ते उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. काही राऊटरमध्ये ते आतच असतं.

बाहेरचा पत्ता वाटून घेतलेला असेल किंवा हा खटाटोप नको असेल तर टेलस्केल लावा. तेही आत वायरगार्डच वापरतं, पण दोन यंत्रांची गाठ घालून द्यायचं काम त्यांचे सर्व्हर करतात, राऊटरला हात लावावा लागत नाही. दोन्ही मशीनांवर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा, वरच्या मशीनला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल. एम-एस-टी-एस-सी मध्ये तोच टाका. हा पत्ता घरातही चालतो आणि बाहेरही, त्यामुळे रोजच्या वापराला फार सोयीचा. त्या खात्याला दोन पायऱ्यांचं लॉगिन मात्र लावून ठेवा, कारण आता घराची किल्ली ती आहे.

दुसऱ्या मित्राचं ॲप हेही पोहोचणं आणि चालवणं एकत्रच करतं, फक्त पोर्ट न उघडता, मधल्या सर्व्हरमार्फत. तुमच्यासारख्या होमवाल्याला ते ठीक आहे. घरच्यांना मदत करायला तर तेच सोपं. दोन पथ्यं: माणूस समोर नसताना आत येण्याचा कायमचा पासवर्ड ठेवलात तर तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की फोन करून 'हे ॲप टाका आणि नंबर सांगा' म्हणणारा कुणीही असो, बँकेचा म्हणवो की कॉम्प्युटर कंपनीचा, फोन ठेवून द्यायचा. या ॲपांमधून होणाऱ्या फसवणुकीत कुलूप कुणी तोडत नाही, आपणच दार उघडून देतो.

राहता राहिलं मशीन जागं ठेवणं. दूर जाऊन पाहावं तर वरचं झोपलेलं, हा अनुभव प्रत्येकाला येतो. पॉवर सेटिंग्जमध्ये झोप बंद करा, मॉनिटर बंद झाला तर हरकत नाही. वीज वाया जाते असं वाटत असेल तर वेक ऑन लॅन आहे. त्यात नेटवर्कवर एक छोटं पाकीट सोडतात: आधी एफएफ हा बाइट ६ वेळा, मग त्या मशीनचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. झोपलेल्याला नावाने सोळा हाका. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) आणि नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं, केबलवर भरवशाचं, वायफायवर बेभरवशाचं. पूर्ण शटडाउननंतर उठत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून पाहा. बाहेरगावाहून हाक मारायची तर घरात कुणीतरी जागं लागतंच. एखादं रास्पबेरी पाय किंवा ती सोय असलेला राऊटर. वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं यासाठीही बायोसमध्ये पर्याय असतो. डिस्कला सुरू होतानाच पासवर्ड विचारणारं कुलूप लावलं असेल तर दुरून रीस्टार्ट देऊ नका. ते त्या पासवर्डची वाट बघत काळ्या स्क्रीनवर थांबेल, आणि तोवर नेटवर्कही सुरू झालेलं नसतं.

आणि ज्या फांदीवर बसलोय तीच तोडू नये. एकदा खालून वरच्या मशीनचं वायफाय सारखं तुटतं म्हणून बघत होतो. नेटवर्क अडॅप्टरवर उजवं क्लिक केलं, डिसेबल म्हटलं, मग पुन्हा एनेबल करावं म्हणून माउस हलवला. माउस हलला नाही. मी ज्या तारेवरून आलो होतो तीच तोडली होती. मुकाट्याने जिना चढलो. तेव्हा जिना होता. बाहेरगावी असतो तर? आता नेटवर्क किंवा फायरवॉलला दुरून हात लावायचा झाला की आधी टास्क शेड्युलरमध्ये, दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत आणणारं एक छोटं काम लावून ठेवतो. सगळं नीट झालं तर ते काम रद्द करतो. नाही झालं तर दहा मिनिटं चहा पितो.

बाहेरून चालतंय का हे तपासायचं ते निघायच्या आदल्या दिवशी, घरात बसून. पण लॅपटॉप घरच्या वायफायवर ठेवून नव्हे. वायफाय बंद करा, फोनचा हॉटस्पॉट लावा, मग जोडून बघा. आत गेलात की वरचं मशीन दुरूनच एकदा रीस्टार्ट करा आणि कुणीही हात न लावता ते पुन्हा तुम्हाला आत घेतंय का, हे पाहिल्यावरच बॅग भरा.